भोंग्याच्या घरची लाइन

बसस्थानकाच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली होती आणि त्या खोलीत बसून तो उभा जन्म बोलत राहिला. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रखडली, कुणाची छत्री चौकशीच्या खिडकीपाशी येऊन पडली आहे, हे सगळं स्थानकाला त्याच्या तोंडून कळायचं. ड्रायव्हर-कंडक्टर त्याला भोंगा म्हणत. त्याचा त्याला राग नव्हता. कुणी नवा कंडक्टर बिचकत 'साहेब' म्हणाला तर तोच म्हणायचा, "भोंगा म्हण रे. साहेब खाली बसतात, पंख्याखाली." आवाजही तसाच होता, खणखणीत. तो बोलायला लागला की भांडणारे प्रवासीसुद्धा मान वर करून ऐकत. फक्त घरात त्या आवाजाचं काही चालत नसे, कारण त्याची बायको जन्मापासून बहिरी होती.

त्यांची ओळख झाली तीच मुळी त्या आवाजाच्या फजितीतून. ती बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकांची पानं शिवायची आणि सुटल्यावर याच स्थानकावरून घरी जायची. एकदा तिच्या गाडीचा फलाट बदलला. भोंग्याने घोषणा केली, पुन्हा केली, सगळी गर्दी पलीकडे धावली, आणि ही बाई आपली बाकावर शांत बसून. भोंग्याचा पारा चढला. "निळ्या स्वेटरवाल्या बाई, तुम्हालाच सांगतोय!" असं तो माइकवरून ओरडला. लोक हसले. गाडी निघून गेली. तिला चार शब्द सुनवायला तो तरातरा जिना उतरून गेला, तेव्हा तिने कानाला बोट लावलं आणि मान हलवली. गडी जागच्या जागी थिजला. पुढच्या गाडीत त्याने तिला स्वतः नेऊन बसवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या गाडीच्या वेळेला काचेला एक पाटी लावायला लागला, वर खडूने फलाटाचा आकडा. पुढे यथावकाश लग्न झालं.

ऐकायला गोड वाटतं, आणि होतंही गोड. पण पाटीवर आकडा लिहिणं वेगळं आणि माणसाची भाषा शिकणं वेगळं. भोंगा पाटीवरच थांबला. बायकोची हातांची भाषा तिच्या बहिऱ्या मैत्रिणींत कशी भरभर चालायची! तिच्यात थट्टा असायची, कुचाळक्या असायच्या, एकेकीच्या नवऱ्याच्या नकला असायच्या. याला त्यातलं जेवण, चहा, झोप, गाडी, डोकेदुखी आणि 'पुरे' एवढंच यायचं. बाकी सगळ्याला एक अंगठा. बरं आहे, अंगठा. ठरलं, अंगठा. काळजी करू नकोस, अंगठा. ती त्याला हाक मारायची ती दोन बोटं स्वतःच्या गळ्याला लावून. बोलताना त्याच्या गळ्याची गाठ वरखाली व्हायची, आणि त्याच्या त्या नावाजलेल्या आवाजातलं तिला तेवढंच दिसायचं.

मग लेक झाली. लेकीला ऐकू यायचं, आणि तोंडाने बोलण्याआधी ती हातांनी बोलायला लागली. घरातच दुभाषी तयार झाल्यावर कशाला कोण कष्ट घेतो? आई हातांनी सांगायची, लेक तोंडाने सांगायची, बाप ऐकायचा. असं बरीच वर्षं निभावलं. पुढे लेक नर्स झाली, परदेशात नोकरीला गेली, तिकडेच लग्न करून राहिली, आणि मागे राहिलेली दोघं एकमेकांसमोर उघडी पडली.

दर रविवारी लेकीचा फोन यायचा. भोंगा खुर्ची ओढून बसायचा आणि मनसोक्त बोलायचा. बायको समोर बसून त्याचा गळा बघत राहायची. मध्येच त्याची बाही ओढायची, काय म्हणतेय म्हणून. तो हाताने 'थांब' करायचा. फोन ठेवला की अंगठा दाखवायचा. एवढ्या गप्पांतला तिच्या वाट्याचा हिस्सा तो. आणि लेकीने "आई कशी आहे?" विचारलं की याचं उत्तर तयार असायचं, "मजेत आहे."

ती मजेत नव्हती. तिच्या नजरेच्या दोन्ही कडा झिजत चालल्या होत्या. समोरचं दिसायचं, पण दाराची चौकट खांद्याला लागायची, शेजारी ठेवलेला कप हाताने उडायचा, उजेड उतरला की रस्ता पायांनी चाचपावा लागायचा. हे तिचं तिलाच माहीत. सांगणार कुणाला? कारखाना बंद पडला तशा मैत्रिणी पांगल्या होत्या. अक्षरं तिला यायची ती नाव-पत्त्यापुरती, मन मोकळं करण्याइतकी नाहीत. नवऱ्याला सांगावं तर चहा, जेवण आणि डोकेदुखी यांत ही गोष्ट बसवायची कशी? तिला ती लेकीला सांगायची होती, स्वतःच्या हातांनी. बहिऱ्या माणसाचं ऐकणंसुद्धा डोळ्यांनीच असतं. डोळे गेले की लेकीचे हात कायमचे गेले, हे तिला कळत होतं आणि त्या भीतीने तिचा जीव अर्धा होत होता.

अशातच एका रविवारी लेक म्हणाली, "बाबा, आता टेलिफोनच्या तारेवरूनच वेगवान इंटरनेट मिळतं. कॅमेरा लावला की समोरासमोर दिसतं. घ्या ना. मला आईशी बोलायचंय. तुमचं ऐकून ऐकून कान किटले माझे."

भोंगा कामाला लागला. माणूस आळशी नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. साधी छत्री घ्यायची तरी चार दुकानं पालथी घालणारा तो. त्याने आधी फोटो स्टुडिओवाल्याला गाठलं. त्याच्याकडे आयएसडीएन नावाची जुनी लाइन होती. तिच्यावर जेवढं यायचं तेवढंच जायचं, पण दोन्हीकडून चिंचोळं. फोटो उघडायला घेतला की आधी केस दिसत, मग कपाळ, आणि नाक येईपर्यंत माणूस चहा पिऊन परत यायचा. शिवाय ती आता नव्याने मिळतही नव्हती. मग टेलिफोन एक्स्चेंजच्या भिंतीला भिंत लागून असलेला कापडवाला. त्याच्याकडे व्हीडीएसएल. त्याने भोंग्याला गल्ल्याशेजारी बसवून अख्खं गाणं दाखवलं, कुठे अडखळणं नाही, थांबणं नाही. भोंग्याच्या तोंडाला पाणी सुटलं. काचेच्या खोलीत दोन घोषणांच्या मध्ये तो टपाल घेऊन येणाऱ्या शिपायालाही व्हीडीएसएलचे गुण ऐकवायला लागला. शिपाई बिचारा ऐकून घ्यायचा.

शेवटी तो टेलिफोनच्या कचेरीत गेला. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "काका, घर कुठे तुमचं?"

"डेपोच्या मागे. शेवटची गल्ली."

"मग व्हीडीएसएल विसरा. ती एक्स्चेंजपासून हाकेच्या अंतरावर पळते, पुढे तिला धाप लागते. तुमच्याकडे पोहोचेपर्यंत काही उरायचं नाही तिच्यात."

"मग काय मिळेल?"

"दोन आहेत. एक एडीएसएल. तिच्यावर येणारं भरपूर येतं, जाणारं बारीक जातं. फोन त्याच तारेवर चालू राहतो, एक छोटीशी डबी लावली की झालं. दुसरी एसएचडीएसएल. ती येता-जाता सारखी. पण एडीएसएलवर जेवढं येतं तेवढं हिच्यावर येणार नाही, आणि ही अख्खी तार खाते. फोन बंद होतो."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. तुमच्या गल्लीत तारेची दुसरी जोडी शिल्लक नाही, नाहीतर फोन तिच्यावर टाकला असता."

भोंग्याने कपाळाला आठ्या घातल्या. फोन बंद? मग रविवारी बोलायचं कशावर? इंटरनेटवरून आवाजही जातो हे त्याने ऐकलं होतं, पण रिसीव्हरवर त्याचा जसा जीव होता तसा दुसऱ्या कशावर नव्हता.

बाईंनी त्याची अडचण ओळखली. "तुम्हाला नेमकं करायचंय काय?"

"मुलीला बघायचंय. परदेशात असते."

"नुसतं बघायचंय ना? तुमच्याकडून काही पाठवायचं असतं का?"

भोंगा हसला. "आम्ही म्हातारी माणसं काय पाठवणार?"

"मग एडीएसएलच घ्या," त्या म्हणाल्या. त्यांची काही चूक नव्हती. जे विचारायला हवं होतं ते त्यांनी विचारलं होतं. जन्मभर एकाच दिशेने बोलणाऱ्या माणसाने उत्तर दिलं, आणि त्याच्या मनातही आलं नाही, की आपल्या घरात एक बाई आहे आणि तिच्याजवळ पाठवण्यासारखं पुष्कळ साचलं आहे.

लाइन आली. जुना का होईना, कंप्युटर आला, वर सुपारीएवढा कॅमेरा. पहिल्या रविवारी लेक पडद्यावर दिसली, आणि काय दिसली! कानातले खडे मोजावेत इतकी स्वच्छ. बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. लेकीने हात वर केले आणि आईशी बोलायला लागली. बायको हसली, रडली, पुन्हा हसली. भोंगा बाजूला उभा राहून छाती फुगवून बघत होता.

मग बायकोने हात उचलले. ती बोलायला लागली, पहिल्यांदा हळू आणि मग सुटलीच. कितीतरी महिन्यांचं तुंबलेलं होतं. शेवटी तिने दोन्ही तळवे डोळ्यांच्या बाजूंना धरले आणि हळूहळू आत आत आणले, नाकाशी जेमतेम फट उरेपर्यंत. परत तेच केलं. तिचा चेहरा कसानुसा झाला होता.

लेकीच्या कपाळावर आठी आली. तिने तिकडून फोन लावला. फोन चालू होताच, त्याच तारेवर. "बाबा, आईचे हात दिसतच नाहीयेत. नुसते चौकोन दिसतायत मातकट रंगाचे. हलले की विरघळतात. काय म्हणतेय ती?"

भोंग्याने बायकोकडे बघितलं. ती समोर उभी होती, त्याच्यापासून हातभर अंतरावर. याच्याकडे ना तारेची अडचण, ना अंतराची. तरी त्याला ओ की ठो कळलं नाही. कळलं नाही असं म्हणायला तरी काय जात होतं? पण तो म्हणाला, "काही नाही गं. मजेत आहे." खिडकीतून पडद्यावर तिरीप येत होती. आपणही काहीतरी करावं म्हणून तो उठला आणि त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला. खोली अंधारली. बायकोचे तळवे तसेच डोळ्यांपाशी राहिले, मग खाली आले आणि मांडीवर जाऊन पडले.

पुढचे काही रविवार तिने पुन्हा प्रयत्न केला. लेक म्हणायची, हळू. ती हळू करायची. आणखी हळू. शेवटी एकेक खूण सुटी करून, क्षणभर तशीच धरून ठेवून, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं बोलायला लागली. जेवलीस? बरी आहेस? झोप येते? नवऱ्याशी बोलायची तेवढंच आता लेकीशीही उरलं. डोळ्यांची गोष्ट तशी सांगता येण्यासारखी नव्हती. तिकडे लेकीला वाटलं, आई थकली, अबोल झाली. इकडे भोंगा जो भेटेल त्याला सांगायचा, आमच्याकडे चित्र फार स्वच्छ येतं.

मग तो दिवस उजाडला. भर दुपारी बायको त्याचा डबा घेऊन स्थानकात आली. ती नेहमी डेपोच्या कडेने यायची. एक गाडी उलटी मागे येत होती, कंडक्टर शिट्टी मारत होता. शिट्टी तिला कधीच ऐकू येत नव्हती, पण बाजूने येणारी गाडी ती आजवर डोळ्यांनी टिपायची. या वेळी तिने मानही वळवली नाही. वर काचेमागे बसलेल्या भोंग्याला ते दिसलं. त्याने माइक ओढला आणि नरड्याच्या शिरा ताणून ओरडला, "थांब! थांब! थांब!" सगळं स्थानक गर्रकन वळलं. हमाल थांबले, गाड्या थांबल्या, गाडी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. एक तेवढी तीच चालत राहिली. बस तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबली होती, आणि ती डबा सांभाळत जिन्याकडे येत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. नजरेच्या कडा केव्हाच गेल्या होत्या. मध्ये कुलपाच्या भोकाएवढं उरलं होतं आणि तेही मिटत चाललं होतं. यावर उपाय नव्हता, आधी आणलं असतं तरी नव्हता. "यांना कधीपासून जाणवतंय हे?" डॉक्टरांनी विचारलं. बायको हातांनी सांगायला लागली. डॉक्टर भोंग्याकडे वळले. "काय म्हणतायत?"

"मला माहीत नाही," भोंगा म्हणाला. इतक्या वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या एका बाईंना बोलावून घेतलं. त्या बायकोचे हात बघत गेल्या आणि सांगत गेल्या. "यांना फार आधीपासून ठाऊक होतं. लेकीला सांगायचं होतं त्यांना. सांगितलंही, म्हणतात. लेक पडद्यावर पहिल्यांदा दिसली त्याच दिवशी." बाई थोड्या अडखळल्या. "तेव्हा तुम्ही उठून पडदा ओढलात, असं म्हणतायत."

भोंग्याने बायकोकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती त्याच्या गळ्याकडे बघत होती.

घरी येऊन त्याने लेकीला फोनवर सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणालात मजेत आहे." आणि तिला हुंदका फुटला. तिला धावत यायचं होतं, पण येता येत नव्हतं. तिला दिवस गेले होते, आणि काहीतरी गुंतागुंत होऊन डॉक्टरांनी पलंगावरून उतरायलाही मनाई केली होती. "मला आईचे हात बघू दे," ती म्हणाली. "तिला माझे दिसतायत तोवर मला तिचे बघू दे."

भोंगा पुन्हा त्या खिडकीवर गेला. "बाई, ती दुसरी लाइन द्या. येता-जाता सारखी."

"काका, फोन बंद होईल."

"होऊ दे."

"चित्रही आतासारखं मोठं, स्वच्छ येणार नाही."

"नको मला स्वच्छ," तो म्हणाला, आणि हे बोलताना त्याचा तो खणखणीत आवाज असा फाटला की मागे रांगेत उभे असलेले लोक वाकून बघायला लागले. "जाऊ दे फक्त. आमच्याकडून जाऊ दे."

पण नुसतं मागून मिळतंय कुठे? लाइनमन आले, त्यांनी तपासलं. गल्लीच्या तोंडाशी जमिनीतला जोड गंजला होता. एडीएसएल त्या गंजातून कशीबशी वाट काढत होती, ही नवी लाइन मात्र उभी राहायलाच तयार नव्हती. लावली की पडायची. वरिष्ठांना कळवतो म्हणून लाइनमन गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. भोंगा रोज ड्यूटी संपली की कचेरीच्या बाकावर जाऊन बसायचा, कुणी साहेब बाहेर आला की हात जोडून उभा राहायचा. आपण कुणासाठी लाइन मागतोय हे तो इतक्यांना इतक्या वेळा सांगून बसला की शेवटी त्याच्या घशातून शब्द फुटेना. लेकीशी बोलायला बायकोला कापडवाल्याकडेही नेऊन बघितलं. त्या दुकानाच्या झगमगाटात तिला काहीच दिसेना. गिऱ्हाइकं टकामका बघायला लागली, तशी ती हात मांडीखाली दाबून बसली. लेक तिकडे वाट बघत राहिली आणि ही दोघं तशीच परत आली.

आणि इकडे रोज थोडं थोडं मिटत होतं. स्वयंपाकघरातल्या घड्याळात तिला आधी काटे आणि आकडे एकदम दिसायचे. मग काटा बघितला तर आकडा जायचा. ती रोज सकाळी घड्याळासमोर उभी राहून बघायची, आणि तो दारात उभा राहून तिच्याकडे बघायचा. तिला काय विचारावं हे त्याला हातांनी येत नव्हतं. त्याला स्वतःचे हात तोडून टाकावेसे वाटायचे.

अखेर एका सकाळी लाइनमननी गल्ली खणली, जोड बदलला, आणि लाइन उभी राहिली. भोंग्याने सवयीने रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत काही नव्हतं. त्याने तो ठेवून दिला.

लेक पडद्यावर आली, उशांना टेकून बसलेली. बायको पडद्याजवळ गेली, मागे झाली, मान इकडे तिकडे फिरवायला लागली. तिला लेकीचा एक डोळा सापडायचा, मग हनुवटी, मग एक बोट. सगळी लेक एकदम सापडेना. भोंगा हवालदिल झाला. आता आवाजही कंप्युटरमधूनच यायचा. लेकच तिकडून म्हणाली, "बाबा, चित्र लहान करा. अजून लहान. काडेपेटीएवढं करा." तिने नवऱ्याला सांगून कॅमेराही लांब ठेवायला लावला. जे मोठं चित्र भोंग्याने गावभर मिरवलं होतं, ते आता काडेपेटीएवढं झालं, आणि त्या भोकातून आईला लेकीचे दोन्ही हात एकदम दिसले.

तिने स्वतःचे हात उचलले. लेक पुढे वाकून बघत राहिली, आणि मग ओरडलीच, "दिसतायत! बाबा, सगळं दिसतंय!"

त्या दोघी किती बोलल्या! भोंगा शेजारी स्टुलावर बसून होता. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं आणि या वेळी कळत नसल्याचं दुःख त्याला पोटातून झालं. बऱ्याच वेळाने लेक त्याच्याकडे वळली. "बाबा, आई विचारतेय, बाळ होईल तेव्हा तिचे डोळे नसतील. मग तिला कोण सांगणार?"

"मी सांगेन की. आणखी कोण?"

"कसं?"

त्याचा अंगठा आपोआप वर गेला. अंगठा तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग खाली आला.

"शिकवा मला," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मायलेकी त्याला शिकवायला लागल्या. लेक पडद्यावरून दाखवायची, तो करायचा, आणि बायको डोळे मिटून त्याच्या हातांवर आपले हात ठेवायची आणि काय कळलं ते सांगायची. बहुतेक वेळा काहीच कळायचं नाही. माइकचं बटण दाबण्यापलीकडे त्याच्या हातांनी काही केलं नव्हतं. 'मुलगी' करायला जायचा आणि भलतंच व्हायचं, लेक तिकडे पोट धरून हसायची आणि मग घाबरून पोटावर हात ठेवायची. बायको त्याची बोटं धरून जागेवर बसवायची, पुन्हा पुन्हा. मुलगा. मुलगी. रडलं. झोपलं. बरं आहे. परत सांग. माहीत नाही. विचारतो. मध्येच लाइन पडायची, कारण एक जोड बदलला तरी बाकीची तार जुनीच होती. मग ती दोघं समोरासमोर बसून तेवढंच घोकत राहायची. इतक्या वर्षांच्या संसारात ती एकमेकांचे हात धरून कधी एवढी बसली नव्हती, आणि आता वेळ उरला नव्हता.

एका सकाळी तो चहा घेऊन आत आला तेव्हा बायको खाटेवर बसली होती. तिने खिडकीच्या दिशेने हात केला आणि पडदा बाजूला सारल्यासारखं केलं. हे मात्र त्याला एका झटक्यात कळलं. पडदा उघड, म्हणत होती ती. पडदा उघडाच होता. खोलीभर ऊन पसरलं होतं, तिच्या मांडीवरसुद्धा होतं. तो कप हातात धरून तसाच उभा राहिला आणि मोठ्याने रडला. निदान ते तिला दिसलंही नाही आणि ऐकूही आलं नाही.

बाळ झालं ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी. जावयाने सांगून ठेवलं होतं, म्हणून भोंगा सकाळपासून कंप्युटरसमोर बसून होता आणि बायको त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून. दुपारी चित्र आलं. लेक दवाखान्यातल्या खाटेवर होती, चेहरा पार उतरलेला, आणि तिच्या दंडावर कपड्यात गुंडाळलेलं एवढंसं काहीतरी. "बाबा, मुलगी," ती म्हणाली. "सांगा आईला."

भोंग्याने बायकोचे हात ओढून आपल्या हातांवर ठेवले. मुलगी, त्याने सांगितलं. बायकोची बोटं त्याच्या बोटांवरून फिरली. रडली, त्याने सांगितलं. लेक बरी. तुझ्यासारखं नाक. नाकाचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने तिचंच बोट धरून तिच्या नाकाला लावलं. बायकोच्या बंद पापण्यांतून पाणी आलं. तिचे हात सुटले आणि ती हवेत बोलायला लागली, लांब, भरभर, जिकडे पडदा असेल असं तिला वाटलं तिकडे तोंड करून.

त्याने वळून बघितलं. चित्र गेलेलं होतं. लाइन पडली होती.

बायको बोलायची थांबली आणि उत्तराची वाट बघत हात पुढे धरून बसली. भोंग्याला कळलं नव्हतं. त्याचा अंगठा उठायला लागला, इतक्या वर्षांची सवय, आणि त्याने तो मुठीत दाबला. परत सांग, त्याने तिच्या हातांत सांगितलं. तिने परत सांगितलं. कळलं नाही. परत. या वेळी ती त्याच्याकडे वळली आणि सुटं सुटं करून बोलली. तिने आधी आपल्या कानाला बोट लावलं, मग दोन्ही डोळ्यांना, मग हात कुशीत घेतल्यासारखे केले, आणि तळवे वर करून विचारत राहिली.

तिला ऐकू येतं का? तिला दिसतं का?

त्याला कळलं. सगळं कळलं. मजेत आहे, हे शब्द अजून त्याच्या जिभेच्या टोकावर होते. त्याने बायकोचे हात पुन्हा आपल्या हातांवर घेतले. माहीत नाही, त्याने सांगितलं. तिची बोटं त्याच्या बोटांवर घट्ट झाली. मग त्याने 'विचारतो' केलं, चुकलं, म्हणून पुन्हा केलं, आणि तिचा प्रश्न पाठवण्यासाठी लाइन जोडायला उठला.